डोंगर पाहायला साठवलेले पॉइंट

निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. खुनाचे आणि दरोड्यांचे तपास केले, त्यातल्या आरोपींचे चेहरेही पुसट होत चालले आहेत. पण वैशाखातल्या एका दुपारी ठाण्यात आलेलं एक जोडपं अजून माझ्या डोळ्यांपुढे तसंच बसलेलं आहे.

मी तेव्हा गोंदिया जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात ठाणेदार होतो. दुपारी ठाणं पेंगत असतं. वायरलेसची खरखर आणि पंख्याची कुरकुर, एवढाच काय तो आवाज. ठाणे अंमलदाराच्या टेबलाजवळून हसण्याचा आवाज आला म्हणून मी बाहेर डोकावलं. एक म्हातारे गृहस्थ तक्रार सांगत होते आणि अंमलदाराला ती कोणत्या कलमात बसवावी ते कळत नव्हतं. त्यांच्या क्रेडिट कार्डावर खरेदीबद्दल बक्षीस म्हणून जमा होणारे पॉइंट चोरीला गेले होते. पैसे सगळे जागच्या जागी होते. गेले होते ते नुसते पॉइंट; नव्या बिलावर त्यांची शिल्लक शून्य होती.

मी दोघांना आत बोलावलं. बाईंनी खुर्ची आधी हातानं चाचपली, मग बसल्या. तेवढ्यावरून मला त्यांच्या डोळ्यांचं समजलं.

गृहस्थ एसटीचे निवृत्त वाहक होते. उभा जन्म गोरेगाव आणि देवरीच्या मधे तिकिटं देण्यात गेला. लोकांना गावोगावी पोचवलं, पण आपण कुठं गेलो नाही, असं ते म्हणाले. बाई धानाच्या बांधीत, भाताच्या खाचरात, रोवणीला जायच्या. त्यांना काचबिंदू होता. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की नजर कडेकडेनं आवळत जाईल, जे पाहायचं ते पाहून घ्या. घरी कधीकाळी एक कॅलेंडर लागलं होतं, त्यावर बर्फाचा डोंगर होता. बाईंना तो बघायचा होता, आणि तोही विमानाच्या खिडकीतून.

पेन्शनमध्ये ते बसणारं नव्हतं. म्हणून या माणसानं पॉइंट साठवायला घेतले. शेजाऱ्याची खताची पोती, पुतण्याच्या ट्रॅक्टरचे टायर, भाचीच्या लग्नातल्या साड्या, सगळी खरेदी आपल्या कार्डावर करायची, त्यांच्याकडून रोख घ्यायची आणि मुदतीच्या आत बिल भरून टाकायचं. व्याज लागलं की सगळं मुसळ केरात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कार्डाची कंपनी पॉइंटांवर मिक्सर देत होती, खरेदीची कुपनं देत होती. त्यांनी त्याला हात लावला नाही. तेच पॉइंट पुढे विमान कंपनीकडे वळवायचे, तेही जादा मिळण्याच्या दिवसांत, म्हणजे त्यांची किंमत दुपटीच्या वर जाते. आठवड्याच्या मधल्या वारी जागा कमी पॉइंटांत सुटतात. जाताना कोणत्या हाताच्या खिडकीतून डोंगर दिसतो, हेसुद्धा त्यांनी शोधून ठेवलं होतं. हे सांगताना ते मधेच थांबायचे आणि माझ्या मागच्या भिंतीकडे बघायचे. तिथं जिल्ह्याचा नकाशा होता. त्यांना मात्र दुसरंच काही दिसत असावं. खरं सांगतो, थोडा वेळ मलाही दिसलं.

"पैशे गेले असते तं मी आलोच नसतो, सायेब," ते म्हणाले. "पैशे कमावता येते. हे पुन्हा जमवाले सहा वर्षं लागतीन. तिच्या डोळ्यापाशी सहा वर्षं नाईत."

मी गुन्हा नोंदवायला सांगितलं. अंमलदार आता हसत नव्हता.

सायबर सेलकडून एवढंच कळलं की पॉइंट विमान कंपनीकडे वळते झाले आणि त्यावर दोन तिकिटं निघाली. कोणाच्या नावानं, हे कंपनी लेखी पत्राशिवाय सांगायला तयार नव्हती. आम्ही पत्र पाठवलं. उत्तराला किती दिवस लागतील याचा नेम नव्हता आणि तोवर तिकिटं वापरली गेली असती तर सगळं संपलंच होतं.

वाहकांना मी विचारलं, हे सगळं मोबाइलवर तुम्ही स्वतः करत होतात का? ते म्हणाले, नाही. कोहमारा नाक्यावर एक ऑनलाइन सेंटर होतं. सातबारा, दाखले, रेल्वेची तिकिटं, सगळं तिथं निघायचं. त्या सेंटरवाल्यानंच त्यांचा मेल काढून दिला होता, विमान कंपनीकडे त्यांच्या नावाचं खातंही त्यानंच उघडलं होतं. दर महिन्याला ते त्याच्याकडे जाऊन पॉइंट बघायचे आणि तासभर डोंगराच्या गप्पा मारायचे. त्याच्यावर संशय घ्यायला मात्र ते तयार नव्हते. भला माणूस आहे, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी महामार्गावरची गस्त आटोपून मी नाक्यावरच्या ढाब्यावर चहाला थांबलो. ढाबेवाला माझ्या ओळखीचा, डोळे उघडे ठेवणारा. सेंटरवाल्याचा विषय मी सहज काढला. तो हसून म्हणाला, "सायेब, त्याले ऊन लागलं वाटते. परवा गोंदियाहून दोन जाड स्वेटर घेऊन आला. या वैशाखात."

सेंटरवाल्याला मी ठाण्यात बोलावलं, पण आरोपीच्या बाकावर बसवलं नाही. चाळिशीचा, नीटनेटका, हळू बोलणारा माणूस. त्याला म्हटलं, एका म्हाताऱ्याची पॉइंटांची तक्रार आली आहे, आम्हा पोलिसांना यातलं काही कळत नाही, तुम्ही जाणकार आहात, जरा समजावून सांगा. चहा मागवला. माणूस आपल्या विषयावर बोलू लागला की त्याची भीती जाते, हे मी नोकरीत पुष्कळदा पाहिलं होतं. तोही खुलला. वाहकांनी सांगितलेलंच सगळं त्यानं मला जवळजवळ त्याच शब्दांत सांगितलं. तसाच मधेच थांबला, तसाच भिंतीकडे बघत राहिला.

मग मी विचारलं, त्या म्हाताऱ्याचे पॉइंट कार्डावर परत येतील का?

"नाही साहेब. एकदा विमान कंपनीकडे गेले की कार्डावर परत येत नाहीत."

पॉइंट कुठं गेले, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. त्याच्याही ते लक्षात आलं. त्यानं कप खाली ठेवला.

"स्वेटर कोणासाठी घेतले?" मी विचारलं.

तो म्हणाला, "मी आणि बायको. आठ दिवसांनी विमान आहे, साहेब." मेलचा पासवर्ड त्याच्याकडे होता आणि पडताळणीचा आकडा त्याच मेलवर यायचा. विकायचा विचार मनातही आला नव्हता, असं तो शपथेवर सांगत होता. आयुष्यभर लोकांची तिकिटं काढली, आपण कधी जिल्ह्याबाहेर पडलो नाही. "दर महिन्याला काका यायचे आणि डोंगर सांगायचे. ऐकून ऐकून मलाच तो दिसायला लागला. झोपेत दिसायचा. गलती झाली, साहेब."

बत्तीस वर्षांत मी लोभ पाहिला, सूड पाहिला. दुसऱ्याचं स्वप्न ऐकून त्याची लागण झालेला आरोपी हा एकच.

रीतसर जबाब घेतला, संगणक पंचांसमक्ष जप्त केला. तिकिटं उड्डाणाआधी रद्द झाली. थोडे पॉइंट कापले गेले, बाकीचे वाहकांच्या विमान खात्यात परत आले. दोघांना पुरतील इतके होते. आरोपीला नोटीस दिली, दोषारोपपत्र न्यायालयात गेलं. पुढे वाहकांनीच तडजोडीचा अर्ज दिला आणि न्यायालयानं तो मान्य केला. असं काऊन केलं, म्हणून बाई त्यांच्यावर चिडल्या होत्या. मलाही ते पटलं नव्हतं. त्यांना मी तसं बोललो, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "वैशाखात तिथं धुरकट रायते, सायेब. गेला असता तरी त्याले काईच दिसलं नसतं. बिचाऱ्यानं ते विचारलंच नाई मले."

दिवाळीच्या आधी दोघं जाऊन आले. परतल्यावर ठाण्यात पेढे घेऊन आले. मी बाईंना विचारलं, दिसला का डोंगर? त्या म्हणाल्या, "दिसला. सारा दिसला. हे बाजूनं विचारून राहिले होते, कसा आहे, कसा आहे. मी म्हटलं, चूप राहा जरा." आणि त्या खुर्चीत अगदी शांत बसून राहिल्या. अंमलदार पेढा हातात धरून दारात उभा होता.

या प्रकरणानं मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली कामाची: आपला मेल आणि पासवर्ड भल्या माणसाच्याही हाती देऊ नये. तक्रारदाराचं नेमकं काय गेलं, हे कलमाच्या पुस्तकात शोधण्याआधी त्याच्या तोंडून ऐकावं, हेही त्यातच आलं. दुसरी गोष्ट समजायला मला निवृत्त व्हावं लागलं. एका सकाळी मी बायकोला विचारलं, तुला काय पाहायचं आहे? इतक्या वर्षांच्या संसारात हे मी कधी विचारलं नव्हतं. ती गोंधळली. भाजी निवडायची थांबली.

"कचारगड," ती म्हणाली. "तुम्ही दरसाल जत्रेच्या बंदोबस्ताला जात होता. मी डबा बांधून देत होते. ती गुहा कशी आहे, ते तुम्ही मले कधी सांगितलं नाही."

सांगणार काय? पुढच्या आठवड्यात आम्ही एसटीनं गेलो. जत्रा नव्हती, डोंगरावर माणूस नव्हतं. चढताना ती माझ्या पुढे होती. गुहेत शिरल्यावर दोघंही मान वर करून उभे राहिलो. वरच्या भगदाडातून उजेड खाली येत होता. इतकी वर्षं माझी नजर गर्दीवर होती. ती गुहा मीही त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिली.