आवाज झिजेल म्हणून

माझे सासरे भित्रे आहेत, हे मला लग्नानंतर पुष्कळ उशिरा कळलं. छापखान्यात मोठ्या मशिनवर उभं आयुष्य काढलेला माणूस. आवाज खडा, पंजे फावड्यासारखे. फ्यूज उडाला की बघणार हेच, गल्लीत कुणाची जुंपली की मध्ये पडणार हेच. असा माणूस एका जुनाट कॉम्प्युटरपुढे घामाघूम होतो, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. सुरुवातीला हसलेही.

तो कॉम्प्युटर मधल्या खोलीत खिडकीशी असतो. डबा पिवळट पडलाय, पंखा सुरू होताना खाकरतो, आणि माउसची वायर टेबलाच्या पायाला बांधून ठेवलेली आहे, कारण बाबांच्या मते सुटी वायर म्हणजे अपघाताला आमंत्रण. पण त्या डब्यात माझ्या सासूबाईंचा आवाज आहे. अगदी खराखुरा. आईंच्या घशाचं ऑपरेशन ठरलं, स्वरयंत्रच काढावं लागणार असं कळलं, तेव्हा हॉस्पिटलातल्या उच्चार शिकवणाऱ्या बाईंनी सुचवलं, की आवाज आहे तोवर रोजची वाक्यं रेकॉर्ड करून ठेवा. त्यांनी एक साधा प्रोग्रॅमही दिला. पडद्यावर चौकोन, ज्यावर क्लिक कराल ते वाक्य ऐकू येतं. आईंनी दार लावून घेतलं आणि दिवसचे दिवस आत बोलत बसल्या. आम्हाला आत जायची बंदी. बाहेर बाबा येरझाऱ्या घालत आणि मधूनच दाराला कान लावत.

ऑपरेशन पार पडलं. आई बऱ्या झाल्या. गळ्यावर श्वासासाठी एक छोटं भोक आणि त्यावर रुमाल आला. बोलणं तेवढं कॉम्प्युटरमध्ये राहिलं.

आता कुणीही शहाणा माणूस अशा वेळी काय करील? त्याची आणखी एक प्रत काढून ठेवील. माझा नवरा परगावी नोकरीला असतो, तो फोनवर हेच सांगत होता. मी पेन ड्राइव्ह आणलाही. बाबांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाले, "प्लेट झिजते, पोरी."

छापखान्यात म्हणे एका प्लेटवरून ठरावीकच प्रती चांगल्या निघतात. मग अक्षरांच्या कडा जातात, बारीक रेघा बुजतात, आणि शेवटी नुसते काळे डाग. आवाजाचंही तसंच असणार, असं बाबांनी मनाशी धरलं होतं. जितक्या वेळा काढाल तितका झिजणार. मी समजावलं, नवऱ्याने समजावलं; पालथ्या घड्यावर पाणी. एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं. त्यांनी आईंना एक पाटी आणून दिली आणि हात जोडून विनंती केली, की किरकोळ गोष्टी यावर लिही, आवाज महत्त्वाच्या वेळेला वापरू. म्हणजे जिने इतका खटाटोप करून आवाज साठवला, तिने लिहून बोलायचं आणि आवाज तिजोरीत. आईंनी वाद घातला नाही. वाद घालायला कॉम्प्युटर लागला असता, आणि तोच तर मिळत नव्हता.

मग पडद्यावर ती सूचना यायला लागली. सिस्टिम जुनी झाली आहे, अपडेट करा. बाबा ती बघायचे आणि खिडकीतून येणारी माशी हाकलावी तशी बाजूला सारायचे. पण कॉम्प्युटर कुणाचं ऐकतो? एके दिवशी बंद करताना त्याने स्वतःच अपडेट सुरू केलं. सकाळी उघडला तर बराच वेळ गोल चक्र फिरत राहिलं आणि मग सूचना आली: अपडेट पूर्ण होऊ शकलं नाही, बदल मागे घेत आहोत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. दर वेळी कॉम्प्युटर सुरू व्हायला जास्त वेळ घेई, आणि तेवढा वेळ बाबा खुर्चीच्या कडेवर बसून श्वास रोखून धरत. चौकोन दिसले, एक वाक्य वाजलं, की त्यांच्या जिवात जीव येई.

मी ऑफिसात बसून वाचून काढलं आणि घरी येऊन एकेक करून बघितलं. डिस्कवर जागा उरली नव्हती, म्हणून फालतू फायली काढल्या. प्रिंटरची वायर काढून ठेवली. कॉम्प्युटरचं घड्याळ रोज कित्येक वर्षं मागे जात होतं, म्हणून आतला बटणासारखा सेल बदलला. तरी घोडं अडलं ते अडलंच. मला वाटायला लागलं, की आपलंच काहीतरी चुकतंय.

एका संध्याकाळी ऑफिसातून लवकर आले आणि चोर सापडला. बाबा कॉम्प्युटर बंद करत होते. पडद्यावर ठळक अक्षरं होती: अपडेट चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका. बाबा ती अक्षरं वाचत होते, ओठ हलत होते, आणि हात भिंतीवरच्या स्विचवर होता. थोडा वेळ ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी स्विच पाडला.

माझा पारा चढला. म्हटलं, बाबा, समोर लिहिलंय ना, बंद करू नका?

"सगळ्याच मशिनवर काहीतरी लिहिलेलं असतं," बाबा म्हणाले. "मशीन चालू ठेवून माणसाने निघायचं नसतं. शेवटचा माणूस मेन पाडून निघतो." त्यांच्या छापखान्यात एकाने चालतं मशीन सोडून पाठ फिरवली होती, आणि दुसऱ्याची बोटं गेली होती. ती बोटं बाबांनी उचलली होती. हे मला तेव्हाच कळलं, आणि माझा राग निम्मा उतरला. पण उरलेल्या निम्म्याचं काय करायचं ते कळेना. रोज संध्याकाळी हा माणूस आवाज वाचवायला म्हणून अपडेटचा गळा अर्ध्यात आवळत होता.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर उघडलाच नाही. निळा पडदा, मग दुरुस्ती चालू आहे म्हणून सूचना, मग अंधार, मग पुन्हा निळा पडदा. घाण्याच्या बैलासारखं तिथल्या तिथे. शेवटी दोन पर्याय आले: फायली ठेवून सिस्टिम नव्याने बसवा, किंवा सगळं काढून टाका. दोन्ही एकाखाली एक, अगदी जवळ. मी माउसवरचा हात काढून घेतला. घसरला तर? बाबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ते टेबलाला धरून खाली बसले, सरळ फरशीवर, आणि त्यांनी डब्याला कान लावला.

"आत काहीतरी घासतंय," ते म्हणाले.

मीही कान लावला. खरंच टक, टक, टक असा बारीक आवाज येत होता. मी घाईघाईने बंद केला. मला मनापासून भीती वाटली, लहानपणी गर्दीत आईचा हात सुटल्यावर वाटली होती तशी.

आईंना कळू द्यायचं नाही, असं आमचं ठरलं. त्या आत आल्या तेव्हा बाबा म्हणाले, लाइट गेलेत. आईंनी डोक्यावर गरगर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं. मग बाबांकडे. मग डब्याच्या वायरी त्यांनी स्वतःच सोडवल्या, तो माझ्या हातात दिला, आणि चपला घातल्या.

चौकातल्या जिन्याखाली एक बाई कॉम्प्युटर दुरुस्त करतात. दुकान एवढंसं, की आम्ही तिघं आत गेल्यावर त्यांना स्वतःला वळायला जागा राहिली नाही. त्यांनी डबा उघडला, धूळ फुंकली, डिस्क बाहेर काढून आपल्या मशिनला जोडली आणि टक टक ऐकून मान हलवली. स्विचचं मी सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, डिस्कच म्हातारी झालीय, त्यात अर्ध्यात वीज तोडलीत, म्हणून अपडेट बसत नव्हतं. नवी डिस्क घालू, तिच्यावर सिस्टिम बसेल, अपडेटही नीट होईल. पण आधी आतलं बाहेर काढायला हवं, आणि आता ही जुनी किती वेळ तग धरील ते सांगता येत नाही. कदाचित आजच शेवटचं.

बाबांनी विचारलं, काढताना झिजेल का? बाई गोंधळल्या. मी सांगितलं, की आत काय आहे. त्यांनी हात पुसले. आईंकडे बघून म्हणाल्या, "काढू ना?"

आईंनी स्वतःच्या छातीवर दोनदा थापटलं. माझा आहे, काढा.

पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागली. एकेका फाइलचं नाव येई आणि जाई. बाबा नावं वाचत होते. निम्म्याच्या पुढे गेल्यावर पट्टी थांबली. टक, टक. मग टक टक टक, भराभर. बाई म्हणाल्या, थांबा, वाचायचा प्रयत्न करतेय ती. थांबा.

बाबांचा हात उठला. त्यांना माहीतही नसावं. छापखान्यातला जन्माचा धडा होता तो: खडखड झाली की आधी बंद, मग बघ. भिंतीवरचा स्विच त्यांच्या खांद्याजवळच होता. मी ओरडणार होते, पण माझा आवाज निघेना. घरातल्या धडधाकट गळ्याची ही तऱ्हा.

आईंनी त्यांचं मनगट धरलं. दोन्ही हातांनी धरलं आणि आपल्या पोटाशी दाबून ठेवलं. आईंच्या गळ्यावरचा रुमाल श्वासाने वरखाली होत होता. मी जमिनीवरचे स्क्रू बघत राहिले, कारण पट्टीकडे बघायची माझी छाती नव्हती.

पट्टी सरकली.

शेवटापर्यंत गेली. बाईंनी कपाळ पुसलं आणि सांगितलं, की थोड्या फायली गेल्या, बहुतेक आल्या. नीट आल्यात का ते बघायला एखादी वाजवून पाहायला हवी.

"नको," बाबा म्हणाले. "आल्या ना? बास. उगाच कशाला."

आईंनी त्यांचं मनगट सोडलं आणि माउस घेतला. त्या खाली खाली गेल्या, जेवण, दार, औषध, पाहुणे, सगळं ओलांडून पार तळाशी. तिथल्या फाइलला त्यांनी आपल्या हाताने नाव दिलं होतं: 'ह्यांच्यासाठी'. इतक्या दिवसांत ती कधी वाजली नव्हती. वाजवायला मिळाली नव्हती.

आईंचा आवाज आला, थोडा घोगरा, बंद खोलीतला. "अहो, घाबरू नका हो. मी आहे ना इथेच."

एवढंच होतं. दुकानात पुन्हा नुसता पंख्याचा आवाज राहिला. बाबा पडद्याकडे बघत होते. मग त्यांनी मान वळवली आणि आईंच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ, जणू शब्द तिथूनच निघाला होता. आईंनी हसून ओठ हलवले. आवाज अर्थातच आला नाही.

बाबांनी डोळे पुसले आणि बाईंना म्हणाले, "परत वाजवा."