पलीकडचं विमान

वेंडेल ऑस्टबीने तेहेतीस वर्षांत मला दोनदाच "छान" म्हटलं. एकदा एका दारासाठी आणि एकदा अ‍ॅपल पायसाठी. त्यातला अ‍ॅपल पाय माझ्या बहिणीने केला होता.

मी विमानाची दारं बसवायचे आणि तो ती तपासायचा. माझं काम झालं की मी बाजूला व्हायचे. तो चष्मा कपाळावर चढवायचा आणि मापाच्या पट्ट्या काढण्याआधी दार आणि चौकटीमधल्या फटीवरून खालपासून वरपर्यंत अंगठा फिरवायचा, डोळे मिटून. मग एकच शब्द, "पुन्हा." मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत पाना उचलायचे. आणि पट्टी घालून बघावं तर मेल्याचं दर वेळी बरोबर निघायचं.

सगळं मनासारखं झालं की तो खिशातून शिक्का काढायचा. आमच्याकडे प्रत्येक तपासनिसाला स्वतःचा शिक्का मिळायचा, नखाएवढा, त्यावर त्याचा आकडा. वेंडेलचा ४१७. तो दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, घरी विसरायचा नाही. त्याचा अर्थ एवढाच, की हे मी स्वतः बघितलंय आणि जे आहे तेच लिहितोय. वेंडेल देवळात प्रसाद ठेवावा तसा कागदावर तो शिक्का ठेवायचा. आम्ही त्याची नक्कल करायचो आणि तो हसायचा, पण पद्धत काही बदलायचा नाही.

सिअ‍ॅटलच्या उत्तरेला खाडीकाठी आमचं गाव. गावात "कंपनी" म्हटलं की एकच कंपनी. माझे वडील तिथे होते, वेंडेलचे वडील तिथे होते, पाद्रीबाबांचा भाऊसुद्धा तिथेच होता. मी लागले तेव्हा आभाळात चार विमानं दिसली तर तीन आमची असायची. चौथं समुद्रापलीकडच्यांचं. त्यांचं नाव आम्ही कधी घेतलं नाही, नुसतं "पलीकडचे" म्हणायचो, तेही नाक मुरडून. ते म्हणे दुपारच्या जेवणाला दोन तास बसतात. त्यांची दारं म्हणे खडखडतात. आमच्यापैकी एकानेही त्यांचं दार जवळून बघितलं नव्हतं.

आणि त्यांच्या विमानात आम्ही बसत नव्हतो. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण गावात तो सगळ्यांनी पाळला. तिकीट काढताना आधी विमान कुणाचं ते विचारायचं. माझा काका फ्लोरिडाला जाताना तीन विमानं बदलून एक दिवस उशिरा पोचला आणि वर्षभर प्रत्येक जेवणावळीत ते ऐटीत सांगत होता. आम्हीही प्रत्येक वेळी माना डोलावल्या.

वेंडेलची बायको मार्लिस मात्र या सगळ्याला हसायची. नाताळच्या आधी गावातल्या नॉर्वेजियन लोकांच्या हॉलमध्ये आम्ही सगळ्याजणी बटाट्याच्या पातळ पोळ्या लाटायला जमायचो. वेंडेल शेजारून गेला की ती पोळी उजेडासमोर धरून विचारायची, "बघ रे, ही पास का?" तो खरंच कडेवरून अंगठा फिरवायचा. बारा बायका लाटणी धरून खिदळायच्या आणि याचे कान लाल व्हायचे.

नव्याण्णव सालच्या ऑक्टोबरात मार्लिस चौदा वर्षांच्या कारिनला घेऊन नॉर्थ डकोटात माहेरी गेली. तिथे आईच्या स्वयंपाकघरात उभी असताना कोसळली. डोक्यात रक्तस्राव झाला होता. तिला मिनिआपोलिसच्या मोठ्या इस्पितळात हलवलं. सकाळी वेंडेलला फोन आला. ती शुद्धीवर आहे, बोलते आहे, उद्या सकाळी शस्त्रक्रिया करू, तुम्ही या, असं डॉक्टर म्हणाले. त्याला विमानतळावर न्यायला गाडी मी चालवली.

दुपारी एकचं विमान होतं. तिकिटावर आपलंच होतं, ते मी बघूनच घेतलं होतं. त्या काळी सोडायला आलेल्यांना थेट दारापर्यंत जाता यायचं. त्याने तिथल्याच फोनवरून इस्पितळात कारिनला सांगितलं, "चढतोच आहे बघ आता. सहाला उतरतो. आईला सांग." फोन ठेवला आणि आम्ही काचेकडे वळलो.

बाहेर पलीकडच्यांचं विमान उभं होतं. ऐनवेळी बदललं होतं. नाकावरून आम्ही दोघांनी ते एका क्षणात ओळखलं.

तो थांबला. माणसं आत जात होती. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मी हसले. आजही ते हसू मला आठवतं आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मी म्हटलं, "काय वेंडेल, पलीकडच्यात बसणार तू? सोमवारी कामावर काय तोंड दाखवशील?"

थट्टा होती ती. त्याच्या मनावरचा ताण जरा हलका व्हावा म्हणून केलेली. पण तो हसला नाही. फलकाकडे बघत राहिला. पाचला दुसरं विमान होतं, आपलं. तो म्हणाला, "शस्त्रक्रिया उद्या आहे. चार तासांनी काय फरक पडतो?"

"काही नाही पडत," मी म्हटलं.

त्याने तिकीट बदलून घेतलं. आम्ही कॉफी प्यायलो. कारिनला पुन्हा फोन करावा हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. मी परत येऊन दुसऱ्या पाळीला कामावर गेले आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना तो किस्सा रंगवून सांगितला. लोकांनी टेबलं वाजवली. बायको आजारी असताना पलीकडच्यात बसला नाही, याला म्हणतात आपला माणूस! टेबलं वाजत होती त्याच सुमाराला मार्लिस गेली. तिथल्या वेळेने सव्वाआठला. वेंडेल दहाला उतरला.

कारिनला त्याने सांगितलं, की मी विमानात बसलो होतो पण बिघाड निघाला, सगळ्यांना खाली उतरवलं. चौदा वर्षांच्या पोरीने ते मान्य केलं. विमानांच्या बाबतीत बापाचं बोलणं तिने आजवर कधी पडताळून बघितलं नव्हतं. मला हे त्याने दफनाच्या दिवशी सांगितलं, चर्चमागच्या वाहनतळावर, आणि म्हणाला, "तुला विचारलं तर तूही हेच सांग." मला कुणी विचारलं नाही. त्याबद्दल मी इतकी वर्षं देवाचे आभार मानत होते, म्हणजे बघा.

त्यानंतर कंपनी उतरणीला लागली. उतरण आधीच लागली असेल, आम्हाला तेव्हा दिसली. एका वर्षी पलीकडच्यांनी आमच्यापेक्षा जास्त विमानं दिली. आम्ही म्हटलं, एखादं वर्ष असतं असं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मोठे साहेब आपली कचेरी उचलून दुसऱ्या शहरात घेऊन गेले, जिथून त्यांना कारखान्याचं छप्परही दिसत नव्हतं. नवे साहेब आले, गोड बोलणारे, ज्यांनी आयुष्यात एक रिव्हेट ठोकला नव्हता. आठवड्याला विमानं जास्त हवीत आणि "पुन्हा" म्हणणारी माणसं कमी हवीत, असं त्यांचं गणित होतं. मला आधी राग यायचा, मग यायचा बंद झाला. ते जास्त वाईट.

वेंडेल घरी एकटा कारिनला वाढवत होता. केसांच्या वेण्या घालायला तो माझ्याकडून शिकला आणि त्याही अशा घालायचा की एक केस सुटा दिसला तर पुन्हा. कारिन अठराव्या वर्षी शिकायला मिनिआपोलिसला गेली, ती तिथलीच झाली. आई जिथे गेली त्याच गावी. दर रविवारी चार वाजता तिचा फोन यायचा आणि तो पावणेचारपासून फोनशेजारी बसायचा. तिला भेटायला तो गाडीने जायचा, दोन दिवस जायला, दोन दिवस यायला. विमानातून का नाही, असं कुणी विचारलं की म्हणायचा, डोंगर बघायला आवडतात. गावाला वाटायचं, बघा, अजून आपला नेम पाळतोय.

पाच वर्षांपूर्वी दारांवरचे तपासनीस काढून टाकले. जो दार बसवेल त्यानेच ते तपासावं, असं ठरलं. म्हणजे माझं दार मीच तपासायचं. वेंडेल खिडकीवर शिक्का जमा करायला गेला, मी बरोबर होते. खिडकीआतल्या मुलीने आकडा लिहून घेतला आणि शिक्का एका खोक्यात टाकला. तिथे आधीच वीसपंचवीस पडले होते.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "आता तुला पुन्हा कोण म्हणणार?"

"सुटले बाई," मी म्हटलं. गाडीत बसून मी किती रडले ते त्याला सांगितलं नाही. सहा महिन्यांत मीही काम सोडलं. स्वतःच्या दारावर स्वतःच शिक्का मारायचा मला जमेना.

गेल्या वर्षी कारिनचं लग्न ठरलं, एकोणचाळिसाव्या वर्षी. बाबांनीच मला चर्चमध्ये हाताला धरून न्यायचं, असा तिचा हट्ट. वेंडेलच्या गुडघ्यांना आता चार दिवस गाडी चालवणं झेपण्यासारखं नव्हतं, म्हणून आम्ही दोघांनी विमानाची तिकिटं काढली. त्याच आठवड्यात आमच्या कंपनीची त्या जातीची सगळी विमानं तपासणीसाठी जमिनीवर बसवली गेली. काय निघालं होतं ते मी वाचलं नाही. फलकावर मिनिआपोलिसच्या एकेका ओळीसमोर "रद्द" लिहिलं होतं. दुपारी एकचं तेवढं उडत होतं, पलीकडचं.

या वेळी मी तोंड उघडलं नाही. तो पुढे झाला. विमानाच्या दारात थांबला, चष्मा कपाळावर चढवला आणि चौकटीवरून अंगठा फिरवला, जमेल तेवढ्या उंचीपर्यंत. मागे माणसं खोळंबली. हवाई सुंदरीने विचारलं, आजोबा, काही हवंय का. तो नाही म्हणाला. जागेवर बसून पट्टा लावल्यावर म्हणाला, "जोलीन, छान आहे गं दार."

तेवढंच. मग तीन तास तो मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता. चाकं जमिनीला टेकली तेव्हा त्याने घड्याळ माझ्यापुढे धरलं. तिथल्या वेळेने सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"इथून इस्पितळ अर्ध्या तासावर आहे," तो म्हणाला. "दीड तास मिळाला असता मला तिच्यापाशी."

मी त्याचा हात धरायला गेले. त्याने धरू दिला नाही.

कारिन बाहेर उभी होती, हातात जाड कोट, बाबांना थंडी वाजेल म्हणून आणलेला. तिने त्याला मिठी मारली, विचारलं, प्रवास कसा झाला. मला कळलं हा आता बोलणार. उद्या लग्न आहे, आत्ता नको, असं मी डोळ्यांनी खुणावलं. तो माझ्याकडे बघतच नव्हता.

"त्या दिवशी विमानात बिघाड नव्हता, कारिन. पलीकडच्यांचं होतं, म्हणून मी चढलो नाही."

तिला आधी समजलंच नाही. तिने त्याला पुन्हा सांगायला लावलं. त्याने पुन्हा सांगितलं, सगळं, कॉफीपर्यंत. माझं नाव घेतलं नाही. म्हणून मीच म्हटलं, "मी होते बरोबर. त्याला हसले मी. मी हसले नसते तर तो चढला असता." कारिनने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ती म्हणाली, "आई शुद्धीवर होती बाबा. सारखी विचारत होती, कुठवर आला. तुम्ही म्हणालात ना, चढतोच आहे, म्हणून मी सांगत राहिले, आता डोंगर ओलांडले असतील, आता उतरले असतील, आता टॅक्सीत असतील. सहानंतर ती दाराकडे तोंड करूनच पडली होती. नर्सने कूस बदलायला सांगितली तर नको म्हणाली."

वेंडेल उभा होता. तिने कोट त्याच्या खांद्यावर टाकला, बटणं लावली नाहीत, आणि गाडीकडे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये ती त्याच्या हाताला धरून चालली. पाहुणे जमले होते, दुसरं काय करणार. छायाचित्रात दोघंही हसताहेत. त्याला आता आठ महिने झाले. ती वाईट नाही, तिच्या नवऱ्याकडून निरोप येतात, औषधं वेळेवर घ्या म्हणून. पण रविवारी चारचा फोन बंद झाला तो झालाच.

मी दर रविवारी त्याच्याकडे जाते, साडेतीनला, काहीतरी शिजवून घेऊन. पावणेचारला तो उठून फोनशेजारच्या खुर्चीत बसतो. साडेचारला आम्ही जेवायला घेतो. गेल्या आठवड्यात मला राहवलं नाही. मी म्हटलं, कशाला सांगितलंस रे, पंचवीस वर्षं झाकलं होतं, आणखी दहा झाकलं असतंस, पोरगी तरी राहिली असती.

तो बराच वेळ टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होता.

"बेचाळीस वर्षं मी जे होतं तेच लिहिलं, जोलीन," तो म्हणाला. "एकदाच एका धडधाकट विमानावर खोटा बिघाड लिहिला. तो खोडायचा राहिला होता."

मग त्याने बशी पुढे ओढली आणि फोनकडे पाठ येणार नाही अशी खुर्ची सरकवून घेतली.