हळदीच्या आधी वाजलेली पाठवणी

बाळांनो, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, की आजीच्या लॅपटॉपवर ती काळी खिडकी कसली असते आणि आजी तिच्यात काय टाइप करते. "गाणी नीट लावतेय," एवढंच मी म्हणाले, कारण कुकरची शिट्टी झाली होती. आता पुढच्या आठवड्यात माझ्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. नंतर काही दिवस स्क्रीनकडे बघायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. तेव्हा सगळं ताजं आहे तोवर लिहून ठेवते. अडेल तिथे आईला वाचायला सांगा.

आपल्या पनवेल-उरणकडच्या गावांत लग्नाचे विधी चालू असताना गाणी म्हणायला एक बाई बसते. तिला धवलारीण म्हणतात. देवांना बोलावण्यापासून नवरीच्या पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं ठरलेलं असतं, आणि ती सगळी तिला पाठ असतात. जासईची एक धवलारीण माझ्या ओळखीची आहे. तिची सून शाळेत माझ्या हाताखाली इंग्रजी शिकली, अजूनही मला मॅडम म्हणते. तिनंच काही वर्षांपूर्वी सासूला माझ्याकडे आणलं होतं. सासूबाईंचा आवाज तेव्हा खणखणीत होता, पण सुनेला चालींची धास्ती होती. शब्द तिला येत. चाली एकमेकींच्या इतक्या जवळच्या, की एक धरायला जावं तर दुसरीच गळ्यातून निघे.

रेकॉर्डिंगला सासूबाईंनी साफ नकार दिला. आवाज डब्यात भरायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. मी शाळेत असताना पियानो शिकले होते, त्यामुळे पाच रेघांवर सूर लिहिता येतात. ते त्यांना चाललं, पण अट घातली. गाणी लग्नाच्याच क्रमानं गाणार, समोर दिवा लावणार आणि हातात तांदूळ घेणार. मग कितीतरी दुपारी आपल्या हॉलमध्ये टीपॉयवर दिवा, त्या सोफ्यावर आणि मी पेन्सिल घेऊन, असं चाललं. तुमचे आजोबा पंखा बंद करावा लागतो म्हणून कुरकुरायचे आणि ऐकायला दारात उभे राहायचे.

ते सगळं मी लॅपटॉपवर उतरवलं. माझा प्रोग्रॅम साधा आहे. फाइलमध्ये अक्षरं आणि आकडे टाइप करायचे, त्यावरून तो पाच रेघांवर सूर मांडतो आणि बासरीसारख्या आवाजात वाजवूनही दाखवतो. प्रत्येक विधीचा वेगळा फोल्डर केला. सुनेला चाल हवी असली की मी ती बासरी तिच्या फोनवर पाठवायची. रेकॉर्डिंग नाही म्हटल्यावर सासूबाईंनी एवढ्याला हरकत घेतली नाही.

यंदा तुमच्या बाबांनी नवा लॅपटॉप पाठवला. त्याच्यात त्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती होती, आणि तिला जुन्या फायलींची भाषा पटेना. आणि नेमका तेव्हाच सासूबाईंचा घसा गेला. बसला तो बसलाच, कुजबुजण्यापुरता उरला. गव्हाणकडच्या एका घरचं लग्न त्यांनी घेतलेलं होतं, ते आता सुनेवर आलं. तिचं हे पहिलंच. हे लग्न धड पार पडलं तर आजूबाजूची गावं तिला बोलावणार. नाही तर सासूबाईंच्या मागे हे काम त्या घरातून जाणार. सुनेचा फोन आला, "मॅडम, चाली पाठवा, मला घोकून ठेवायच्यात."

जुन्या फायली नव्या भाषेत बदलणारं एक छोटं साधन त्या प्रोग्रॅमबरोबरच येतं. एकेक फाइल उघडून बदलत बसण्यापेक्षा काळ्या खिडकीत एकच ओळ लिहिता येते: प्रत्येक फोल्डरमध्ये जा, प्रत्येक फाइल घे, बदल, पुढे हो. मी आधी सगळ्याची प्रत काढून ठेवली आणि मग ती ओळ लिहिली. पडद्यावर तक्रारींची रांग लागली. माझ्या फोल्डरांची नावं 'देव बोलावणं', 'मांडव रोवणं', 'हळद दळणं', 'हळद लावणं' अशी. मधल्या रिकाम्या जागेशी ती ओळ तुटत होती आणि असा फोल्डरच नाही म्हणून सांगत होती. एकच फोल्डर निमूट बदलला गेला, कारण त्याचं नाव एका शब्दाचं होतं: 'पाठवणी'.

निदान एक तरी झालं म्हणून मी खूश झाले. नव्या फायली नीट वाजतात का ते सुनेनं ऐकावं, म्हणून पाठवणीची बासरी तिला पाठवून दिली आणि बाकीचं दुसऱ्या दिवसावर टाकलं.

सून तेव्हा नेमकी नवरीच्या घरी बायकांमध्ये बसून तयारीचं बोलत होती. मॅडमकडून चाल आली म्हणून तिनं कौतुकानं फोनचा आवाज वाढवला. शब्द नव्हते, पण ती चाल तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होती. मांडव उभा नाही, हळद लागलेली नाही, आणि घरात पाठवणी वाजली. नवरीची आजी जागेवरून उठून आत गेली आणि आतूनच म्हणाली, की दुसऱ्या गावची धवलारीण बोलवा.

संध्याकाळी सुनेनं मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज अगदी सपाट होता. "मॅडम, त्या म्हणतात अपशकुन झाला. मला बोलवायचं की नाही ते घरचे परवा सांगणार आहेत."

तुमच्या आजोबांनी चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "शाळेतसुद्धा निकाल आधी लावून मग परीक्षा घ्यायचीस का?" मी त्यांचा कप उचलून आत नेला. सकाळी लॅपटॉप पिशवीत घालून जासईला निघाले.

सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. मला पाहून त्या हसल्या, पण आवाज नसल्यानं नुसते खांदे हलले. मग कुजबुजल्या, "मास्तरीनबाय, मांडव रोवला नाय, आन तुमी पोरीला वाटेला लावली?"

मी आणि सुनेनं सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सुनेला विचारलं, "समोर दिवा व्हता?"

"नाय."

"हातान तांदूल?"

"नाय, आई. फोन व्हता."

"मंग ते गानं नाय. आवाज झाला निस्ता. आज सांजच्याला दोघी जाऊ. दिवा लावून देव बोलावनं तू म्हनशील. फोन घरी ठेव."

म्हणजे सुनेला संध्याकाळपर्यंत पहिलं गाणं बिनचूक यायला हवं होतं. मी तिथेच खाटेवर लॅपटॉप उघडला. बाहेर कंटेनरचे ट्रक जात होते, खाट थरथरत होती. फोल्डरांच्या नावांतल्या रिकाम्या जागा काढून तिथे जोडरेघा टाकल्या. नावांआधी क्रमांकही घातले, कारण संगणक आपल्या वर्णमालेप्रमाणे लावतो आणि त्यात पाठवणी हळदीच्या आधीच येते. मग तीच ओळ पुन्हा चालवली. या वेळी देव बोलावण्यापासून फायलींची नावं सरसर पडद्यावरून गेली. सासूबाई चष्मा लावून बघत होत्या.

काही फायलींशी मात्र ते साधन थांबलं. हे बदलण्याइतका मी हुशार नाही, हातानं करून घ्या, असं ते चक्क लिहितं. मी वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "खरा बोलतो. आमच्या जावयापेक्षा बरा."

पहिलं गाणं त्यांतलंच निघालं. या गाण्यांत मुख्य बाईची ओळ पुरी व्हायच्या आत दुसरी बाई शेवटचा शब्द उचलते. त्याला त्या झेलणं म्हणतात. तसं केलं की ओळ तुटत नाही. हे झेलणं दाखवायला मी तेव्हा माझ्याच मनानं एक खूण केली होती, ती त्या साधनाला कुठून कळणार? मी जुनी प्रत उघडली आणि एकेक ठिकाण हातानं बदलू लागले. सासूबाईंना गाता येत नव्हतं, पण सून ओळ म्हणायची आणि नेमक्या जागी त्या गुडघ्यावर थाप मारायच्या. एका जागी माझी खूण आणि त्यांची थाप जुळेना. त्यांनी दोनदा म्हणवून घेतलं, मान हलवली आणि म्हणाल्या, "मीच तवा उशिरा झेलला आसन." दुपारी सुनेनं कोळंबीचं कालवण वाढलं, तेव्हाही ती गुणगुणतच होती.

संध्याकाळी मीही त्यांच्याबरोबर गेले. सासूबाईंनी दारातच कुजबुजत सांगितलं, की दिव्या-तांदळांशिवाय वाजलं ते गाणं नव्हतंच. नवरीच्या आईनं पाट मांडला, दिवा आणला. नवरीची आजी कोपऱ्यात आमच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली होती. सासूबाईंनी सुनेच्या हातात तांदूळ दिले. सुनेनं डोळे मिटले आणि सुरुवात केली. पहिली ओळ जरा कापरी आली. तिच्या शेजारी झेलणारी कुणी नव्हती, सासूबाईंची नुसती थाप. दुसऱ्या ओळीलाही तसंच झालं. तिसऱ्या ओळीच्या शेवटच्या शब्दावर कोपऱ्यातून एक जाडसर, मोकळा आवाज आला आणि त्यानं ओळ उचलली. आजीनं तांदळांवरून मान वर केली नव्हती. पुढच्या सगळ्या ओळी तिनंच झेलल्या.

गाणं संपल्यावर ती सुनेला म्हणाली, "हळदीला येल करू नको, लवकर ये." दुसऱ्या धवलारणीचं नाव पुन्हा निघालं नाही.

लग्न झालं. पाठवणी तिच्या वेळेला झाली, आणि नवरीची आई रडली तशी मीही रडले. सुनेला आता पुढची दोन लग्नं आली आहेत. त्यांतलं एक कामोठ्यातल्या सोसायटीच्या हॉलमधलं आहे, तिथे दिवा कुठे ठेवायचा यावर सध्या चर्चा चालू आहे.

सासूबाईंचा आवाज परत आला नाही. त्यांची गाणी नव्या फायलींत क्रमानं लावलेली आहेत. घाणा भरण्याच्या विधीच्या दोन गाण्यांत झेलण्याच्या जागा अजून हातानं बसवायच्या आहेत, त्या डोळा बरा झाला की करीन. एक प्रत माझ्याकडे आहे, एक तुमच्या बाबांना पाठवली आहे, आणि सुनेला ती सगळी गाणी आता फोनशिवाय येतात.