पाणी उतरलं की जाऊ

माझ्या दुकानाच्या काउंटरवर दोनदा टकटक झाली की मान वर न करताच मी म्हणायची, "बसा भाऊ." एस.टी.चे कंडक्टर पूर्वी तिकिटाच्या चिमट्याने दांड्यावर वाजवायचे ना, अगदी तशी टकटक. कंडक्टरकीतून निवृत्त होऊन भाऊंना बरीच वर्षं झाली होती, पण बोटांची सवय गेली नव्हती. पुढचं वाक्यही ठरलेलं. "बाई, मागं कोनी राह्यलं नाई ना?" रांगेत कुणी असलं तर त्याचं काम आधी होऊ द्यायचे आणि मग बाकावर टेकायचे.

ब्रह्मपुरीच्या बसस्टँडसमोर माझं तिकीट बुकिंगचं दुकान आहे. रेल्वे, विमान, सगळं. इथून विमानाने कोण जातं, असं तुम्ही विचाराल. पुण्या-बंगलोरला नोकरीला लागलेली पोरं जातात, आणि त्यांचे आईबाप माझ्यासमोर बसून विचारतात की विमानाची खिडकी उघडते का. अशा लोकांना उत्तरं देऊन देऊन माझी जीभ तिखट झाली आहे. कंडक्टरभाऊंसमोर मात्र ती चालत नसे.

त्यांचं दुःख गावाला ठाऊक होतं. थोरला मुलगा कॉलेजात असताना मित्रांबरोबर वैनगंगेवर पोहायला गेला. पावसाळ्याचे दिवस, वरच्या धरणाचे दरवाजे उघडलेले. मासेमारी करणाऱ्या ढिवरांनी डोंगे घातले, बांबूंनी तळ चाचपला, पण पाणी इतकं गढूळ की बुडवलेला हातसुद्धा दिसेना. मुलगा सापडला तो फार खाली, दुसऱ्या गावाच्या हद्दीत. त्यानंतर भाऊंनी गडचिरोलीची गाडी सोडली, कारण ती पुलावरून जाते. साहेबांच्या हातापाया पडून वरोऱ्याची गाडी मागून घेतली आणि शेवटपर्यंत तीच केली. घरात नदीचं नाव निघत नसे, आणि मुलाचंही.

धाकटी प्रणाली तेव्हा शाळेत होती. मोठी झाली, पुण्याला नोकरीला लागली आणि तिथे घरी न सांगता पोहायला शिकली. पुढे मालवणला जाऊन पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राखाली उतरायलाही शिकली, रीतसर परीक्षा देऊन पास झाली. एवढं मोठं गुपित पोटात ठेवणं काही तिला जमेना. दिवाळीला घरी आली तेव्हा पास झाल्याचं कार्ड तिने सरळ बापाच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, आता पयल्यांदा कुठी जावं ते तुमी सांगा. तुमी नाई म्हनसान तं मी नाई जात."

भाऊबीज होईपर्यंत भाऊ तिच्याशी बोलले नाहीत. मग एका सकाळी माझ्या काउंटरवर टकटक झाली.

"बाई, बेट दाखवा."

"कसलं बेट, भाऊ?"

"पोट्टीले समुद्रात उतरायचं आहे. नाई म्हनलं तं मानन ती माझं. पन मंग लपून रडन. लपून शिकली तेवढं पुरे झालं. मी संग जाईन. नावेत बसन. ती खाली गेली का पाहीन, अन् वर आली का पाहीन. वर येतानी एकदा डोयानं पाह्यलं पाहिजे मले."

पाण्यात गेलेलं लेकरू वर येतं, हे त्या माणसाला बघायचं होतं. मी संगणकाकडे तोंड वळवलं, कारण माझे डोळे भरून आले होते आणि गिऱ्हाइकासमोर रडायची मला सवय नाही.

त्या दिवसापासून माझ्या दुकानात बेटांचा बाजार भरला. मालदीव दाखवलं तर म्हणाले, "परदेश हाय. काई झालं तं मी कोनाले काय सांगू?" लक्षद्वीपला जायला परवाना लागतो आणि त्यासाठी पोलिसांचा दाखलाही द्यावा लागतो म्हटल्यावर त्यांनी हातच जोडले. "पोरीचं नाव पोलिसात कायले?" मग अंदमान. तिथली बेटं मी एकेक करून दाखवायची आणि प्रत्येक बेटाची त्यांनी उलटतपासणी घ्यायची. दवाखाना किती लांब, नाव कोण चालवतो, त्याला पोहता येतं का.

एकदा त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "इथी वरून धरणाचे दरवाजे उघडतेत का?"

"भाऊ, समुद्राला धरण नसतं."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी मान हलवली, पण दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मीही तेच उत्तर पुन्हा दिलं.

नव्याने पास झालेल्यांना किती खोल जाऊ देतात, हे त्यांनी फोनवर प्रणालीलाच विचारलं. ती म्हणाली अठरा मीटर, तेही सोबत वाटाड्या असेल तर. त्यांनी मला विचारलं, "म्हंजे आपल्या गावच्या पान्याच्या टाकीएवढं?" मी म्हटलं, साधारण तेवढंच. मग कितीतरी दिवस भाऊ नगरपालिकेच्या टाकीखाली उभे राहून वर बघताना दिसायचे. येणारे-जाणारे विचारत, टाकी गळते का. ते म्हणत, नाई.

शेवटी नील नावाचं एक छोटं बेट त्यांना पसंत पडलं. एका फोटोत नाव उभी होती आणि तिची सावली खाली पांढऱ्या वाळूवर पडलेली होती. भाऊ चष्मा पुसून पुन्हा पुन्हा बघत राहिले. "हा रंगवेल तं नाई ना फोटो?" म्हटलं, नाही. "मंग हेच बेट. इथी तळ दिसून राह्यला."

बेट ठरलं, आता महिना. मी सांगितलं, जानेवारी उत्तम, समुद्र शांत असतो. भाऊंनी मानच हलवली. "पौषात पानी राह्यते, बाई. वैशाखात जाऊ. पानी उतरलं का."

"भाऊ, समुद्राचं पाणी उन्हाळ्यात उतरत नाही."

"पानी हाय ते. उन्हानं कमी होनारच."

मी मे महिन्याचा पाऊस सांगितला, वारा सांगितला. ते म्हणाले, पाऊस शेवटी लागतो तर आपण सुरुवातीला जाऊ. नदीकाठच्या माणसाला पाणी म्हणजे नदीच, आणि नदी उन्हाळ्यात गुडघ्याएवढी होते हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. मी प्रणालीला फोन करून म्हटलं, बाई, तू तरी समजाव. ती हसली.

"राहू द्या मावशी. वैशाख तं वैशाख. इतक्या वर्षांत आमच्या घरी पान्याची गोष्ट कोनी काढली नाई. आता बाबा रोज मले फोन करून बेटाचं सांगतेत. बोलू द्या त्यायले."

दोघांची मे महिन्याची तिकिटं मी काढून दिली. नागपूर, मग चेन्नई, मग पोर्ट ब्लेअर.

माघ महिन्यात एक दिवस भाऊ आले ते पँटचे पाय ओले करून. बाकावर बसले. मी चहा सांगितला.

"नदीवर गेलतो," ते म्हणाले. "एका ढिवराले म्हनलं, बसू दे जरा डोंग्यात. नावेत बसाची सवय नाई मले. तिथी उलटी-बिलटी झाली तं पोट्टीकडे ध्यान कोन देईन?"

"मग? झाली सवय?"

"होऊन राह्यली. त्याच जाग्यावरून बसलो, बाई."

तुम्ही कोणाला असं धाडस करताना पाहिलं असेल तर सांगा, मी तरी पाहिलेलं नाही. त्यानंतर ते दर आठवड्याला नदीवर जाऊ लागले.

होळी झाली आणि एका सकाळी, बसस्टँडवर वरोऱ्याच्या गाडीच्या कंडक्टरशी बोलता बोलता, भाऊ छातीला हात लावून खाली बसले. नागपूरला नेताना वाटेतच गेले.

मला इतका राग आला की दुकान उघडवेना. जानेवारीत गेले असते तर बघून आले असते. नावेत सावलीला बसून पोरीला वर येताना बघून आले असते. समुद्र पौषात तेवढाच आणि वैशाखात तेवढाच, एवढी साधी गोष्ट त्या हट्टी माणसाला पटली नाही, आणि त्याला पटवण्याइतकं कठोर आमच्यापैकी कुणाला होता आलं नाही.

तेरवी झाल्यावर प्रणाली दुकानात आली. चेहरा सुकलेला. मला वाटलं, दोन्ही तिकिटं रद्द करायला आली असेल.

"बाबाचं तिकीट कॅन्सल करा, मावशी. माझं राहू द्या."

"एकटी जाशील?"

"त्यायनंच ठरवेल आहे ना सगळं."

ती गेली. मे महिन्यात ब्रह्मपुरीचा रस्ता तापलेला होता, आणि ती कुठल्या तरी निळ्या पाण्यात असेल असं मनात येऊन मी दर तासाला फोन बघत होते. आठवड्याने ती परत आली, स्टँडवर उतरून घरी न जाता आधी माझ्याकडे आली. नाकावरचं कातडं उन्हाने सोललेलं होतं. मी विचारलं, कसं होतं पाणी?

"साफ होतं. खूप साफ."

मग ती बाकावर बसली, जिथे ते बसायचे तिथे नाही, त्याच्या शेजारी.

"मी वर आली, मावशी. तोंडातली नळी काढली अन् नावेकडे पाहून जोरात आवाज देल्ला, बाबा म्हनून. नावेतले समदे लोक फोटो काढून राह्यले होते. नाववाल्यानं विचारलं, किसको बुला रही हो?"

"मग?"

"मी म्हनलं, किसीको नहीं."