तीन महिन्यांच्या गोळ्या

मंठाळच्या काशव्वानं उभ्या जन्मात कुणावर भरवसा टाकला नव्हता, मग दवाखान्यावर कुठून टाकणार? नात सुधारानीच्या एचआयव्हीच्या गोळ्या दर महिन्याला मिळायच्या. या खेपेला नर्सबाईनं पोरीचं वजन केलं, रक्ताचा रिपोर्ट बघितला अन् तीन महिन्यांच्या डब्या एकदम पुढं सरकवल्या. पोरीच्या आईलाही शेवटी असंच औषधांचं गाठोडं देऊन घरी धाडलं होतं.

"कामून एवढ्या? हात टेकलात व्हय?"

"न्हाई अव्वा, पोर चांगली हाय म्हणून. आता सारखं यायची गरज न्हाई."

काशव्वानं डब्या पिशवीत टाकल्या. महिना भरला तशी नातीला घेऊन दवाखान्याच्या दारात हजर.

"गोळ्या संपल्या?"

"घरात हायत. तुमी पोरीला सोडून दिलं का काय, तेवढं बघायला आले. वजन करा."