साक्षीतलं पाणी

आमच्या चर्चच्या मंडळीत माझी साक्ष सगळ्यांना पाठ आहे. साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं, ते उपासनेत उभं राहून चारचौघांसमोर सांगणं. माझी साक्ष पुराची आहे. गेली तीसेक वर्षं मी ती सांगत आलो आहे, नाताळात, उपवास प्रार्थनेत, कोणाच्या घरभरणीला, आणि एकदा तर दुसऱ्याच्या साखरपुड्यात. "आणि पाणी माझ्या गळ्यापर्यंत आलं," असं मी म्हणालो की पुढच्या बाकावरची पोरं आपापल्या गळ्याला हात लावतात. मला वाटायचं, ती भारावून जातात.

बायको मात्र कधी भारावली नाही. तिच्या म्हणण्याप्रमाणे आमचं लग्न झालं तेव्हा हे पाणी मांडीपर्यंत होतं. थोरली झाली तेव्हा कमरेला लागलं आणि मी घुग्घुसच्या खाणीत इलेक्ट्रिशियन म्हणून कायम झालो तेव्हा छातीपर्यंत चढलं. "रिटायर होईपर्यंत डोक्यावरून जाईन," ती म्हणायची, "मंग साक्ष सांगाले कोन राहीन?" मी तिच्याकडे दुर्लक्ष करायचो. संसारात मी एवढी एकच कला नीट शिकलो आहे.

रिटायर झालो आणि महिन्याभरात पाळकसाहेब घरी आले. एका मोटारसायकलवर चार गावच्या मंडळ्या सांभाळणारा माणूस, आमच्या वाट्याला महिन्यातून दोन रविवार यायचा. चहा पिता पिता म्हणाले, "भाऊ, आपल्याकडे बाया गातात, बाया प्रार्थना करतात, बायाच मुलांना शिकवतात. पुरुष बाहेर उभे राहून चपला राखतात. तुम्ही आता मोकळे आहात. यांना जरा हाताशी धरा."

मला हाताशी धरायला कोणी सांगितलं की मी मानगुटीला धरतो, हे त्यांना माहीत नसावं.

दर मंगळवारी पहिली पाळी सुटली की माझ्या ओसरीवर पाच-सहा जण जमायला लागले. कोणी खाणीतला, कोणी सिमेंट कारखान्यातला. मोटारसायकली फाटकाशी लागायच्या, सगळे नळावर तोंड धुवायचे आणि तरी कानामागे काळं राहायचंच. बायबलमधला एक पाठ वाचायचा, त्यावर बोलायचं, मग एकेकाने मोठ्याने प्रार्थना करायची, असा माझा क्रम होता. बाकी सगळं जमायचं, ती प्रार्थना जमायची नाही. वीस वर्षं युनियनचे अर्ज लिहिणाऱ्या एकाने पहिल्याच दिवशी डोळे मिटून "माननीय महोदय" अशी सुरुवात केली आणि "तरी कृपया विचार व्हावा, आमेन" असा शेवट केला. दुसरा इतकं हळू बोलायचा की देवाला पुढे सरकून बसावं लागलं असतं. मी डोळे मिटलेले असतानाच "मोठ्याने!" म्हणून ओरडायचो. कोणी अडखळला की मधेच त्याचं वाक्य मी पूर्ण करायचो. मला तेव्हा हेच शिकवणं वाटायचं.

त्यांच्यात एक डंपर चालवणारा होता. पस्तिशीचा, अंगाने धिप्पाड आणि बोलायला अगदी कंजूष. हेल्मेट मांडीवर घेऊन तो शेवटच्या पायरीवर बसायचा. एक मंगळवार त्याने चुकवला नाही आणि सहा महिन्यांत एकच प्रश्न विचारला. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले तो पाठ उन्हाळ्यात आम्ही वाचत होतो. नम्रतेवर माझं चांगलं अर्धा तास बोलून झालं होतं. तेव्हा पायरीवरून आवाज आला, "पानी गरम होतं का जी, का थंडं?"

"ते काही लिहिलेलं नाही," मी खेकसलो. "आणि त्याने काय फरक पडतो?"

"फरक पडते जी," तो म्हणाला.

वर्षातून एक रविवार आमच्याकडे पुरुषांचा असतो. त्या दिवशी गाण्यापासून चटया झाडण्यापर्यंत सगळं पुरुषांनी करायचं आणि बायांनी बसून चुका काढायच्या. त्या रविवारची साक्ष मी या डंपरवाल्याला दिली. तो दुसऱ्याच दिवशी घरी हजर. "भाऊ, मायाजवळ साक्ष नाई."

"प्रत्येकाजवळ असते."

"मंग लिहून द्या ना जी."

माझं डोकं फिरलं. "साक्ष लिहून देत नसतात! मी माझी एकदा सांगतो, नीट ऐक. अशी सांगायची असते."

त्याने मोबाइल काढून ओसरीच्या कठड्यावर ठेवला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं. मी खाकरून, थांबून थांबून, हातवारे करून सांगितली. त्या दिवशी पाणी हनुवटीला टेकलं.

रविवारी तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभा राहिला. बायांच्या बाजूला त्याची बायको बसली होती आणि शेजारी खास कोरपन्याहून आलेली त्याची बहीण. त्याने खाकरून सुरुवात केली. "मी सव्वीस वर्षांचा होतो. वायरमनचं काम करत होतो."

मला वाटलं, अरे वा, हाही वायरमन होता?

"पावसाळ्याचे दिवस होते. भामरागडच्या एका वसतिगृहात वायरिंगचं काम निघालं होतं. पर्लकोटा नदीला पूर आला होता, पुलावरून पाणी चाललं होतं, आणि मी तरुणपणाच्या मस्तीत त्या पाण्यात पाय घातला..."

शब्द न् शब्द माझा होता. स्वतःची बोली बाजूला ठेवून तो माझ्या छापील मराठीत बोलत होता. मी जिथे खाकरलो तिथे खाकरला, जिथे थांबलो तिथे थांबला. पंधरा दिवस डंपरच्या केबिनमध्ये माझा आवाज लावून त्याने ते सगळं तोंडपाठ केलं होतं. "पाणी माझ्या हनुवटीपर्यंत आलं," असं तो म्हणाला तेव्हा पोरांचे हात सवयीने गळ्याकडे गेले आणि मग गोंधळून वर सरकले. कोणीतरी फसकन हसलं. मग सगळी मंडळी हसली. बायांनी तोंडाला पदर लावले, पाळकसाहेब पंख्याकडे बघत बसले. तो बिचारा काही न कळून शेवटपर्यंत गेला. "एका हाताने मला ओढून काठावर टाकलं. मी मागे वळून पाहिलं, तर तिथे कोणीच नव्हतं. तो देवदूत होता. आमेन."

बाहेर पडताना कोणीतरी त्याला म्हणालं, "वायरमनसाहेब, आमच्या घरचा पंखाबी पाहून द्या." त्याची बहीण खाली मान घालून चालत होती. तो माझ्यापाशी आला आणि एवढंच म्हणाला, "तुमीच तं म्हटलं होतं, अशी सांगायची."

पुढचे दोन मंगळवार तो आला नाही. शेवटची पायरी रिकामी राहिली. मी आधी रागावलो. एवढं साधं कळू नये माणसाला, असं घरात तीनदा बोलून दाखवलं. तिसऱ्यांदा बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्याची काय चुकी? तुमी शिकवलं ते त्यानं केलं. आता तो परत येईन का नाई ते पाहा."

खरं सांगायचं तर मला दुसरंच काही टोचत होतं. तीस वर्षांत मी माझी साक्ष कधी ऐकलीच नव्हती, फक्त सांगितली होती. दुसऱ्याच्या तोंडून ती ऐकली आणि "तिथे कोणीच नव्हतं" हे वाक्य मला सरळ खोटं ऐकू आलं. कारण तिथे माणूस होता.

तिसऱ्या मंगळवारी मी सगळ्यांना सुट्टी दिली आणि स्कूटर काढून त्याच्या क्वार्टरवर गेलो. फाटकाशीच थबकलो. अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर त्याचे म्हातारे वडील उघडे बसले होते. अर्धं अंग लुळं पडलेलं, पण तोंड शाबूत. हा धिप्पाड गडी पँट वर दुमडून त्यांच्यासमोर उकिडवा बसला होता.

"कढत हाये!" म्हातारा ओरडला. "मारतं का रे मले?"

त्याने बकेटीत थंड पाणी ओतलं, कोपर बुडवून पाहिलं, मग मग्गा भरून खांद्यावर धार धरली.

"आता थंडं हाये!"

त्याने पुन्हा गरम ओतलं, पुन्हा कोपर बुडवलं. म्हातारा शिव्या देत राहिला, हा न चिडता साबण लावत राहिला. मग बापाचा पाय मांडीवर घेऊन एकेका बोटाच्या बेचक्यातून घाण काढायला लागला. पाणी गरम होतं का थंड, हा प्रश्न त्याने मला का विचारला होता, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. मला इतकी लाज वाटली की मी फाटकाची कडी वाजवायचीही विसरलो.

म्हाताऱ्याला कपडे घालून खाटेवर निजवल्यावर आम्ही पायरीवर चहा घेतला. मी विचारलं, "केव्हापासून करतोस हे?"

"उन्हाळ्यापासून. पह्यले बायको करे. मी तं बाबाशी बोलतबी नव्हतो, लहानपनी लई मारलं त्यायनं मले. तुमी तो पाय धुन्याचा पाठ घेतला ना, मंग मले वाटलं, आपल्या घरी पाय हायेतच तं धुवून पाहू."

"आणि बाबा?"

"शिव्या देतात ना जी. पन चार वाजले का गाडीच्या आवाजाची वाट पाहतात, असं बायको सांगते."

"अरे, मग हीच तर तुझी साक्ष आहे!" मी जवळजवळ ओरडलोच.

त्याने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "हे? हे तं काम हाये, भाऊ. साक्षीले तुमच्यासारखं पानी पाह्यजे, देवदूत पाह्यजे. मायाजवळ काई नाई तसं. म्हनून तं येनं बंद केलं."

आता गप्प बसलो असतो तर हा माणूस कायमचा गेला असता. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "पाणी गुडघ्यापर्यंत होतं."

मग सगळंच सांगितलं. पुलावर माझा पाय घसरला, हत्यारांची पिशवी गेली आणि मागून येणाऱ्या एका माडिया आदिवासी माणसाने माझी कॉलर धरून मला मागे ओढलं. त्याच्या डोक्यावर भाताचं गाठोडं होतं, ते त्याने एका हाताने धरलेलंच होतं. काठावर आणून त्याने मला त्याच्या भाषेत असं झाडलं की एक शब्द कळला नाही तरी अर्थ पूर्ण कळला. रस्ता बंद होता. तीन दिवस मी त्याच्या घरी राहिलो, आंबील प्यालो, त्याच्या बायकोने चुलीवर वाळवलेला शर्ट घातला. चौथ्या दिवशी तो मला बसपर्यंत सोडायला आला आणि मी त्याचं नावसुद्धा विचारलं नाही. पुढे पहिल्यांदा साक्ष दिली तेव्हा त्या वेळचे पाळक म्हणाले, तो देवदूतच असणार. ते ऐकायला फार छान वाटलं. पुढच्या वेळेपासून माझ्या गोष्टीतला तो माणूस नाहीसा झाला.

"देवाने माझ्यासाठी माणूस पाठवला होता," मी म्हणालो, "आणि मी त्याला गायब केलं."

डंपरवाल्याने विचारलं, "तीन दिवस होते तुमी त्याच्या घरी?"

"तीन दिवस. आणि इतका घोरायचा की डोळ्याला डोळा लागला नाही माझा."

तो हसला. सहा महिन्यांत पहिल्यांदा मी त्याचे दात पाहिले. "देवदूत घोरे?" असं म्हणून पुन्हा हसला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "भाऊ, तुमी हे मंडळीत सांगा. पह्यले तुमी सांगा, मंग मी येतो."

"लोक काय म्हणतील रे? तीस वर्षं..."

"मले म्हटलं तेच म्हनतीन," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांकडून मी पाच मिनिटं मागून घेतली. उभा राहिलो तेव्हा पोरं गळ्याशी हात नेऊन तयारच होती. दाराबाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. तो आत आला नाही, हेल्मेट हातात घेऊन उंबऱ्याशी उभा राहिला.

"पाणी," मी म्हणालो, "गुडघ्यापर्यंत होतं."

आणि बायांच्या बाजूने खणखणीत आवाज आला, "आमेन!"

माझ्या बायकोने माझ्या साक्षीला दिलेला हा पहिला आमेन. सगळं चर्च हसून हसून हललं, पाळकसाहेबांना चष्मा काढावा लागला. हसू ओसरल्यावर मी पुढचं सांगितलं, कॉलरवरचा हात, गाठोडं, आंबील, घोरणं. त्याचं नाव मला माहीत नाही, हेही सांगितलं. पोरांनी गुडघ्यांवर हात ठेवले होते.

मी बसलो आणि दाराकडे पाहिलं. तो उंबऱ्यात नव्हता. मधल्या वाटेने तो पुढे येत होता. पुढच्या बाकावर हेल्मेट ठेवून तो मंडळीकडे वळला. या वेळी तो खाकरला नाही.

"मायाजवळ पूर नाई," तो म्हणाला. "मायाजवळ एक बकेट पानी हाये. ते मी रोज बाबाच्या अंगावर घालतो, अन् त्यायले ते कधी कढत लागते, कधी थंडं."

मग तो अडखळला. पुढचा शब्द त्याला सापडेना. तो माझ्या जिभेवर होता, पण मी ओठ मिटून घेतले आणि त्याला सापडेपर्यंत बसून राहिलो.