माइकवर सांगितलेली माफी

रविवारी लातूरच्या आमच्या चर्चमध्ये गीत सुरू झालं की मला अक्का हवी असते. लहानपणी ती माझ्या डाव्या बाजूला उभी राहायची आणि सूर चुकला की कोपरानं ढोसायची. आता ती देगलूरला, मी इथं, आणि मधे माझी जीभ. मी तिचा धाकटा भाऊ, रिटायर मास्तर.

आई-वडील कामावर जायचे, म्हणून मला सांभाळायला अक्काची शाळा दुसरीतच सुटली. मी शिकलो, तिला आलेली चार अक्षरंही पुसून गेली. पण गीतं सगळी तोंडपाठ! लग्न होऊन देगलूरला गेल्यापासून ती चर्चमध्ये गीतपुस्तक उघडून धरायची आणि शेजारणीनं पान उलटलं की हीही उलटायची. तिला वाचता येत नाही हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं, तिच्या सुनांनासुद्धा.

रिटायर झाल्यावर मी चर्च झाडायचं काम अंगावर घेतलं. लोक म्हणायचे, "एवढे शिकलेले, पण काय नम्रता!" मला ते लई गोड लागायचं. एकदा अक्का राहायला आली होती. रविवारी घरी आल्यावर म्हणाली, "लोक जमायच्या टायमालाच बरा झाडू हातात येतो रे तुझ्या. पहाटं झाडलं तर देवाला दिसत न्हाई का?"

खरं बोललं की सख्ख्या आईला राग येतो, मी तर भाऊ. त्यात माझा राग कायम नाकावर. "तुला शास्त्र वाचता तरी येतं का? निघाली मला शिकवायला!" बोलून गेलो. अक्कानं पिशवी भरली आणि देगलूरच्या गाडीत बसून गेली.

तीन वर्षं आम्ही बोललो नाही. आमचे वडील प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी घरोघर जायचे, "माझं काही चुकलं असंल तर पोटात घाला," म्हणायचे, मगच रविवारी भाकर आणि प्याला घ्यायचे. त्यांचा मी मुलगा, तीन वर्षं तसाच घेत राहिलो. शेवटी गेल्या साली एका शनिवारी माझी मलाच लाज वाटली आणि देगलूर गाठलं. अक्काच्या पायाशी बसून म्हणालो, "चुकलो गं." तिनं माझं डोकं पोटाशी धरलं. "येड्या, किती दिस लावलेस," एवढंच म्हणाली. दोघंही पोटभर रडलो.

तिथंच थांबायचं होतं ना! पण नाही. पुढच्या रविवारी साक्षीची वेळ आली, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायची वेळ, आणि मी माइक धरला. सगळं सांगितलं: अडाणी बहीण, माझं ते बोलणं, मी तिचे पाय धरले ते. बाया पदरानं डोळे पुसत होत्या. आमचे पाळक, म्हणजे पाद्री, म्हणाले, "याला म्हणतात नम्र होणं." माझी छाती फुगली. कुणीतरी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला. संध्याकाळपर्यंत तो देगलूरच्या चर्चच्या मंडळीत घरोघर पोचला होता.

अक्कानं माझा फोन घेणं बंद केलं. भाचा म्हणाला, "मामा, आई चर्चला येते, पण पुस्तक हातात घेत न्हाई. गातबी न्हाई आता." अगागा! चाळीस वर्षं तिनं जपलेलं मी दहा मिनिटांत चव्हाट्यावर मांडलं.

मागच्या महिन्यात पुन्हा गेलो. ती भाकरी थापत होती. मी शेजारी बसलो. "अक्का, मला माफ कर. मी लई मोठी चूक केली."

"अन् केलं माफ, तर येत्या रविवारी हेबी माइकवर सांगशील."

"न्हाई गं, कुणालाच न्हाई."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली, माझ्याकडं बघितलंही नाही. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

"मी माफ केलं की तू परत नम्र होतोस बाबा. म्हून न्हाई करत. जेव."

मी जेवलो. ती हातभर अंतरावर बसून वाढत होती, आणि मला ती तेव्हाही हवी होती.